आलोसची फियाट आणि लूर्डसचा ठोकळा

माझा धाकटा भाऊ आलोशियस आयुष्यात कधी वेळेवर थांबला नाही. बोलताना नाही, भांडताना नाही, कुणाच्या मयताला गेला तर तिथे आठवणी सांगताना नाही आणि गाडी चालवताना तर मुळीच नाही. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. पोरांनी भरलेला वर्ग मी नुसता चष्मा नाकावर खाली घेऊन गप्प केला आहे. पण घरातल्या या एका माणसापुढे माझा चष्मा कधी चालला नाही. सगळा गाव त्याला आलोस म्हणतो, मीही तेच म्हणते.

वसईत होळी नाक्याच्या पुढे आमची वाडी आहे. केळी, थोडी पानवेल, विहिरीच्या कडेला मोगरा आणि सोनचाफा. पहाटे फुलं दादरला जातात आणि उरलेला दिवस आलोस झाडांना पाणी सोडत आणि तोंड चालवत काढतो. आवार एक आणि घरं दोन. मोठ्या घरात आलोस, त्याची बायको लूर्डस आणि त्यांची एकुलती एक मुलगी प्रिन्सी. बाजूच्या लहान घरात मी, रेजिना, बिनलग्नाची थोरली बहीण. आलोस आणि लूर्डस मला बाय म्हणतात. माझं बहुतेक जेवण लूर्डसच्या स्वयंपाकघरातच होतं, त्यामुळे त्या घरातलं माझ्यापासून काही लपत नाही. लपलं तर मी विचारते.

आवारातलं तिसरं बिऱ्हाड म्हणजे फियाट. पपांनी ती वांद्र्याच्या एका डॉक्टरकडून घेतली तेव्हा आलोस अर्ध्या चड्डीत होता. गोल पाठ, फुगलेले गाल, पुढे आलेलं नाक. अख्खी मुंबई त्या जातीच्या गाडीला डुक्कर फियाट म्हणायची, पण आलोससमोर तसं म्हणायची सोय नव्हती. "डुकरं वखारीच्या मागं फिरतात. ही फियाट हाय," असं तो पाहुण्यालासुद्धा ऐकवायचा. तिची पुढची दारं उलटी होती. बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दार उघडलं की पाय सरळ रस्त्यावर ठेवता यायचा. शनिवारी तो तिला विहिरीच्या पाण्यानं आंघोळ घालायचा आणि लूर्डसला माहेरहून आलेल्या चांगल्या टॉवेलनं पुसायचा. त्यावरून भांडण व्हायचं आणि पुढच्या शनिवारी टॉवेल पुन्हा गाडीवर दिसायचा.

या गाडीत सगळं होतं, ब्रेक तेवढे नव्हते. म्हणजे होते, पण ते मालकाच्याच स्वभावाचे होते, एकदा सांगून ऐकायचे नाहीत. पेडल पहिल्यांदा दाबलं की नुसतं खाली जायचं. दुसऱ्यांदा दाबलं की गाडीला जरा शंका यायची. तिसऱ्यांदा दाबलं की ती थांबायची. चर्चपाशी थांबायचं असलं तर आलोस पीटरच्या पावाच्या दुकानापासूनच पाय मारायला लागायचा, आणि गावातली माणसं ते बघून आपोआप बाजूला व्हायची. हातब्रेक तर शोभेपुरताच होता. म्हणून गाडी थांबली की चाकाखाली सारायला चिंचेच्या लाकडाचा एक ठोकळा केलेला होता, एका बाजूनं उतरता तासलेला आणि वर दोरीची मूठ.

हा ठोकळा लूर्डसचा. लग्न होऊन ती याच गाडीतून आमच्या घरी आली. फाटकाशी गाडी मागे सरकायला लागली, तेव्हा माझ्या भावानं नव्या नवरीच्या हातात पहिली वस्तू दिली ती हा ठोकळा. तिनं तो घेतला, लग्नाच्या झग्यासकट खाली उतरली आणि चाकाला लावला. सासरच्या लोकांना मुलगी तिथेच आवडली. त्या दिवसापासून पुढच्या सीटवर ती आणि तिच्या मांडीवर ठोकळा, हे ठरून गेलं. लूर्डस ठेंगणी, हलकी आणि चपळ. गाडी पुरती थांबायच्या आत तिनं दार उघडलेलं असायचं, एक पाय रस्त्यावर असायचा आणि पुढच्या क्षणी चाक अडलेलं असायचं. आलोस म्हणायचा, "माझा हातब्रेक लुगडं नेसतो." लोक हसायचे, लूर्डसही हसायची.

आमच्या गावात कुणाचंही लग्न असो, नवरी चर्चला जाणार ती याच फियाटमधून. पुढे बँड, मागे वऱ्हाड आणि मधे फियाट. नवरीचं दार नवरीच्या बापानंच उघडायचं आणि तोवर नवरीनं उतरायचं नाही, ही आमची रीत. बाप नसेल तर मामा, पण कुणीतरी येऊन दार उघडलंच पाहिजे. गावातल्या कितीतरी मुली त्या मागच्या सीटवर बसून रडल्या आहेत, आणि त्या वेळी पुढे ठोकळा घेऊन बसलेली लूर्डस मागे वळून त्यांना रुमाल द्यायची.

मग सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट आला. कामणला एका नातेवाइकाकडे बाळाच्या बाप्तिस्म्याला गेलो होतो. परत येताना प्रिन्सीला चिंचोटीचा धबधबा बघायचा होता. धबधब्यापर्यंत कुणी गेलं नाही, कारण रस्त्यावरच जत्रा होती. पावसात भिजायला आलेली पोरं, छत्र्या, मक्याची कणसं. उतारावर आलोसनं पाय मारायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा. मग आणखी. पेडल खाली जात होतं आणि गाडी पुढे जात होती. समोर माणसं होती. आलोस हॉर्नवर हात ठेवून बसला आणि मी मागच्या सीटवर प्रिन्सीला धरून 'नमो मारिया' म्हणायला लागले.

लूर्डसनं दार उघडलं आणि चालत्या गाडीतून उडी मारली. दोन-तीन पावलं गाडीबरोबर धावली आणि वाकून पुढच्या चाकासमोर ठोकळा टाकला. चाक त्याच्यावर आदळलं, गाडीचं तोंड वळलं आणि ती बांधाला टेकून थांबली. कुणाला काही झालं नाही. फक्त लूर्डस रस्त्याकडेच्या दगडावर गुडघ्यावर पडली.

आलोस खाली उतरला. धावत पुढे गेला, वाकला, बंपरवरून हात फिरवला आणि ओरडला, "वाचली! दिवासुद्धा शाबूत हाय!" मग तो मागे वळला. मधे फार वेळ गेला नाही. पण लूर्डस चिखलात बसून त्याच्याकडे बघत होती आणि तेवढा वेळ तिनं पाहिला. मीही पाहिला.

माझा भाऊ निर्दय नाही, हे इथेच सांगते. त्यानं तिला पाठीवर घेऊन हायवेपर्यंत आणलं, दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बाकावर झोपला, आणि पाय प्लॅस्टरमध्ये होता तोवर रोज स्वतः पेज करून तिला भरवली. करपलेली होती, पण भरवली. मात्र गावात जो भेटेल त्याला तो चिंचोटीची गोष्ट रंगवून सांगायचा, आणि प्रत्येक वेळी शेवट एकच असायचा, "पण बंपरला ओरखडा नाय!" लूर्डस आतून ऐकायची.

प्लॅस्टर निघालं, पण गुडघा पहिल्यासारखा वाकेना. बरी झाल्यावर पहिल्या रविवारी आलोसनं मिस्साला जायला गाडी काढली आणि हॉर्न दिला. लूर्डस बाहेर आली, पुढच्या सीटवरचा ठोकळा उचलला, विहिरीवर धुतला, उन्हात ठेवला आणि स्वयंपाकघरात नेला. "मी रुडॉल्फच्या रिक्षानं येते," एवढंच म्हणाली. तेव्हापासून ती स्टुलावर बसून भाजी चिरायची आणि दुखरा पाय त्या ठोकळ्यावर टेकवायची. आलोस एकटा गाडी घेऊन जायचा. ठोकळा नाही, म्हणून तो चर्चच्या कुंपणाच्या भिंतीला गाडीचं नाक टेकवून ती उभी करायला लागला. रिकामी सीट सगळ्या गावाला दिसायची.

दोन वर्षं हे असंच चाललं. आमच्या घरात बोलतात सगळेच, पण नेमकं जे बोलायचं ते कुणी बोलत नाही. आलोसची समजूत अशी की बाई ब्रेकला घाबरली. लूर्डसनं ती समजूत कधी खोडून काढली नाही.

मग प्रिन्सीचं लग्न ठरलं, गिरीजच्या ॲलिस्टरशी. मुलगा चांगला, कमी बोलणारा, त्यामुळे मला लगेच पसंत पडला. लग्न जानेवारीत. एका दुपारी सगळे बसून ठरवत होते की कोण कशात बसणार. प्रिन्सी म्हणाली, "मी आणि आत्या मागे, मम्मी पुढे." लूर्डस लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी रुडॉल्फला सांगून ठेवलंय. तुमी व्हा पुढं, मी मागनं रिक्षानं येते."

संध्याकाळी आलोस माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि किती तरी वेळ काहीच बोलला नाही. मला वाटलं, ताप आला. मग म्हणाला, "बाय, गावातल्या सगळ्या पोरींच्या लग्नाला ती माझ्या बाजूला होती. आणि आपल्या पोरीच्या लग्नाला रिक्षातून येणार?" त्याचे डोळे भरले होते. माझ्या भावाला मी पपांच्या मयतानंतर तेव्हाच रडताना पाहिलं. थोड्या वेळानं त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि उठला. "ब्रेकच बदलतो. पुढचा सगळा भागच बदलतो. मग कशी नाय बसत बघतो." त्याच्या प्रेमाची भाषा ही अशी, पान्यानं बोलायची.

पापडीला सिप्रियनचं गॅरेज आहे. सिप्रियन दिवसा मेकॅनिक आणि लग्नसराईत बँडमध्ये ट्रंपेटवाला. दोघे मिळून कुर्ल्याच्या भंगारबाजारात गेले आणि मागून चेपलेल्या एका नव्या गाडीचा पुढचा सगळा सरंजाम घेऊन आले. मी त्याच्याकडे बघत बसले. लोखंडाच्या दोन चकत्या, त्यांना चिमट्यासारखे धरणारे जबडे, जाडजूड स्प्रिंगा, धक्के झेलणारे शॉकप, आणि ब्रेकच्या तेलासाठी नवा पंप. आलोसनं मला समजावलं. जुने ब्रेक ड्रमच्या आत असतात आणि आतून बाहेर रेटतात. पाणी गेलं, तापले, की हात वर करतात. चकती उघडी असते, तिला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो, पाऊस असो की उतार असो. "म्हणजे कान धरल्यासारखं," मी म्हटलं. "बरोबर," तो म्हणाला, "तुझं सगळं ज्ञान कानापाशीच येतं."

अख्खा डिसेंबर गाडी आवारात चार ओंडक्यांवर उभी होती. जुने ड्रम निघाले, त्यांच्याबरोबर चाळीस वर्षांची माती निघाली. नटबोल्टांना गंज चढलेला, रबरं पापडासारखी. स्प्रिंग काढताना सिप्रियननं सगळ्यांना लांब उभं केलं, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाला आडवं करते. नवे भाग सरळ बसेनात. सिप्रियननं पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, वेल्डिंग केलं, नाही जमलं तर पुन्हा काढलं. आलोस त्याच्या बाजूला उताणा पडून सल्ले द्यायचा. सिप्रियन ट्रंपेटची धून गुणगुणायचा, म्हणजे त्याला सल्ले ऐकू यायचे नाहीत. ख्रिसमसला येशूजन्माचा गोठा मांडायचा होता तर गाडीच मधे. मग प्रिन्सीनं बॉनेटवर तारा लावला आणि गाडीलाच गोठ्यात घेतलं.

शेवटी ब्रेकमधली हवा काढायचं काम राहिलं. सिप्रियन त्या दिवशी एका लग्नात वाजवायला गेला होता, आणि हे काम दोन माणसांशिवाय होत नाही. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून छोटा नट उघडायचा, तेल आणि हवा बाहेर आली की बंद करायचा. बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. आलोसनं मला बसवलं. "दाब!" मी दाबलं. "धर!" मी धरलं. मग त्याचा आवाजच येईना. मला वाटलं, झालं. मी सोडलं. चाकाखालून आलोसची किंचाळी आली, कारण हवा पुन्हा आत गेली. असं तीन-चारदा झालं. तो मला ओरडला, मी त्याला व्याकरणातून ओरडले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून लूर्डसचा आवाज आला. "बाय, ते 'सोड' म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाय. गप्प झाले तरी नाय." तिनं जुन्या ब्रेकच्या वेळी हे कितीदा केलं होतं. मी म्हटलं, "मग तूच ये." ती ओट्यापर्यंत आली. भाजीची सुरी तिच्या हातात होती. आलोस चाकाखालून मान काढून बघायला लागला. ती तिथेच उभी राहून म्हणाली, "दाबा." मी दाबलं. "धरा." मी धरलं. आलोसचा 'सोड' आला तेव्हा तिनं मान हलवली आणि मी सोडलं. चारी चाकं अशी झाली. शेवटचं चाक झालं तशी ती आत गेली. आलोस तेलकट हातांनी दाराकडे बघत राहिला.

गाडी ओंडक्यांवरून खाली उतरली आणि आम्ही सगळे हसायला लागलो. तिचं तोंड वर झालं होतं. आमच्या रस्त्याला खड्डे फार आणि लग्नात गाडीत माणसं फार, म्हणून या दोघांनी भारी गाडीच्या स्प्रिंगा न कापता तशाच बसवल्या होत्या. आता फियाट पुढून चांगली वीतभर उंच. मी पुढच्या सीटवर चढायला गेले तर छपराला धरून लटकावं लागलं. "आलोस, ही गाडी आहे की माळा?" मी विचारलं. तो म्हणाला, "बाय, खड्डे बघ ना." सिप्रियन म्हणाला की स्प्रिंगेचं एक वेटोळं कापून बसवता येईल, पण ते सगळं पुन्हा काढायचं म्हणजे लग्न होऊन जाईल. मग तसंच राहू दिलं.

आमच्याकडे नवी गोष्ट फादरकडून आशीर्वादित केल्याशिवाय वापरत नाहीत. आलोसनं फादर बॅप्टिस्टना घरून घेतलं, पुढे बसवलं. त्यांच्या हातात पवित्र पाण्याचं भांडं होतं. मी मागे. पीटरच्या दुकानापाशी आलो आणि जन्माच्या सवयीनं आलोसनं पाय मारला, तोही नेहमीच्या जोरानं. गाडी जागच्या जागी थांबली. तीर्थ सगळं समोरच्या काचेवर आणि फादरांच्या झग्यावर. फादरांनी चष्मा पुसला. आलोसनं गाडी पुन्हा चालू केली, जरा पुढे गेला आणि पुन्हा पाय मारला, कारण मोजून तीनदा मारायचा ही त्याच्या पायाची सवय. चर्चपर्यंत आम्ही असे धक्के खात गेलो. "कशी वाटली, फादर?" त्यानं अभिमानानं विचारलं. फादर म्हणाले, "चांगली आहे, आलोस. पण हिला चालूही दे थोडं."

लग्नाच्या दोन दिवस आधी तो स्वयंपाकघरात आला. मी आणि लूर्डस फुग्यांचं, म्हणजे आमच्या लग्नातल्या तळलेल्या गोल पावांचं पीठ मळत होतो. ती स्टुलावर, पाय ठोकळ्यावर. आलोसनं हात चोळत जाहीर केलं, "झाले ब्रेक. एका दाबात थांबते. फादरना विचार. आता उतारावर सोडली तरी भ्यायचं कारण नाय. बसशील ना?"

"बरं झालं ब्रेक झाले," लूर्डस म्हणाली. "पोरीला घेऊन सांभाळून जा."

"मग आता काय राहिलं?" त्याचा आवाज चढला. "महिनाभर उताणा पडलो मी गाडीखाली! कोणासाठी?"

लूर्डसनं हातातलं पीठ खाली ठेवलं. ती चिडली नव्हती. ती म्हणाली, "मी ब्रेकला कधी भ्यायले नाय. ब्रेक नव्हतेच, तेव्हासुद्धा बसले ना तुमच्या बाजूला? चिंचोटीला मी पडले आणि तुमी आधी बंपर बघितला. मग मला बघितलं. एवढंच हाय. आणि ते तुमी गावभर हसून सांगता. मला वाईट वाटतं."

मी पीठ मळत राहिले, कारण हात थांबवले असते तर मी रडले असते. आलोसनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. जन्मात पहिल्यांदा तो वेळेवर थांबला. त्याची नजर खाली गेली, तिच्या सुजलेल्या गुडघ्यावर आणि त्याखालच्या ठोकळ्यावर. तो बाहेर गेला. मी खिडकीतून बघितलं तर गाडीचं पुढचं दार उघडून तो उंबऱ्याकडे बघत उभा होता, हातानं उंची मापत. मला वाटलं, पुन्हा गाडीच बघतोय हा मेला. मला त्याचा फार राग आला.

लग्नाचा दिवस. दुपारची वेळ, फाटकाबाहेर बँड उभा. सिप्रियन लाल कोट घालून ट्रंपेटला फुंकर मारत होता. फियाटला मोगऱ्याच्या माळा. प्रिन्सी आणि मी मागे बसलो. आलोस सूट घालून स्टिअरिंगशी बसला, गाडी चालू केली. पुढची डावी सीट रिकामी. गाडीमागे रुडॉल्फची रिक्षा, आणि लूर्डस रेशमी लुगड्यात ओट्याच्या पायऱ्या एकेक करून उतरत होती, रिक्षाकडे यायला.

आलोस अचानक खाली उतरला. गाडी चालू, चाकाखाली काही नाही, आणि तो सरळ घरात गेला. बँडचं वाजणं अर्ध्यावर राहिलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चिंचेचा ठोकळा होता. मी मनात म्हटलं, गेलं सगळं. हिला पुन्हा चाकाला लावायला सांगतोय की काय हा. लूर्डसलाही तसंच वाटलं असावं, तिचा चेहरा उतरला. "ब्रेक केले ना नवे?" ती म्हणाली.

तो गाडीच्या डाव्या बाजूला आला, पुढचं दार उघडलं आणि ठोकळा चाकाखाली नाही, दाराखाली ठेवला. सपाट बाजू वर. खिशातला पांढरा रुमाल काढून तो पुसला. मग सुटासकट खाली बसून हातानं हलवून बघितला, डगमगतो का. तसाच बसून तो म्हणाला, "गाडी उंच झाली. तुझा गुडघा तेवढा वर जाणार नाय. हे मी आधी बघायला पायजे होतं. गाडी करताना बघायला पायजे होतं. आणि चिंचोटीलासुद्धा."

अख्खं वऱ्हाड ऐकत होतं. जो माणूस ती गोष्ट हसत सांगायचा, तो आज सगळ्यांसमोर मातीत बसून ती अशी सांगत होता. लूर्डस रिक्षाकडे न जाता गाडीच्या दाराशी आली. मग तिनं लुगडं जरा वर घेतलं, चांगला पाय ठोकळ्यावर ठेवला, त्याच्या खांद्यावर हात टेकवला आणि आत बसली. "रुडॉल्फ, तू जा पुढं," ती म्हणाली. आणि आलोसकडे हात करून म्हणाली, "द्या इकडं." त्यानं ठोकळा उचलून तिला दिला. तिनं तो रेशमी लुगड्यावर मांडीत घेतला, मातीची पर्वा न करता. मागे प्रिन्सीनं रडून काजळ घालवलं. या वेळी रुमाल मी दिला, कारण पुढच्या बाईचे डोळे मोकळे नव्हते.

पीटरच्या दुकानापाशी सवयीनं सगळे बाजूला झाले. आलोसचा पाय उठला, मी पाहिलं, आणि त्यानं तो परत ठेवला. चर्चच्या पायऱ्यांसमोर त्यानं एकदाच, हलकेच दाबला. गाडी नाक जरा खाली घालून थांबली, माळेतलं फूलसुद्धा पडलं नाही. त्यानं गाडी बंद केली आणि उतरला. दरवाजाशी फादर बॅप्टिस्ट उभे, ॲलिस्टर आत घामाघूम, सगळ्यांचे डोळे नवरीच्या दाराकडे. आलोस गाडीच्या पुढून फिरून आला. बंपर त्याच्या पायांना लागत होता, पण त्यानं खाली पाहिलं नाही. तो लूर्डसच्या दाराशी गेला, तिच्याकडून ठोकळा घेतला, खाली मांडला आणि हात पुढे केला. ती सावकाश उतरली. एक पाय, मग दुसरा. खाली उभी राहिल्यावर तिनं त्याचा टाय सरळ केला आणि म्हणाली, "जा, बघा आता तुमचा बंपर."

"बंपर कुठं पळून जातोय," आलोस म्हणाला. आणि तिचा हात धरून तसाच उभा राहिला.

बँडची धून संपली. सिप्रियननं ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. फादरांनी घड्याळ बघितलं. मागच्या सीटवर प्रिन्सीनं मला कोपरानं ढोसलं. "आत्या, आपलं दार कोण उघडणार?"

"तुझा बाप," मी म्हटलं. "पण थांब थोडी. त्याला मधेच हाक मारू नको."